हरितगृह परिणामात सर्वांत मोठा वाटा बाष्पाचा, मग बोट कार्बन डायऑक्साइडकडे का?

निरभ्र

मंडळी, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी हवामान बदलावर एक टिपण तयार करतो आहे. सध्या फिरणाऱ्या एका ढकलपत्रात असं म्हटलंय: "हरितगृह परिणाम ९५ टक्के पाण्याच्या वाफेमुळे होतो. कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के. तेव्हा माणसाच्या धुरानं काही बिघडत नाही." मुलं हे विचारणार हे नक्की.

मला हवं आहे ते असं. ९५ हा आकडा बरोबर आहे का, नसेल तर खरा किती? बाष्प एवढं प्रभावी असेल तर तापमानवाढीचं मूळ कारण तेच का नाही? कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांब्यांची उष्णता शोषतो तो पट्टा आधीच पूर्ण भरलेला आहे, आणखी वायूनं फरक पडत नाही, या दाव्याचं काय? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल असं एखादं मोजमाप सुचवा. गोल उत्तरं नकोत, आकडे द्या.

मेघमापक

९५ टक्क्यांना आधार नाही. नासाच्या गॉडर्ड इन्स्टिट्यूटची २०१० साली प्रसिद्ध झालेली गणना वापरा. आजच्या वातावरणात जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवण्यात बाष्पाचा वाटा सुमारे ५० टक्के, ढगांचा २५, कार्बन डायऑक्साइडचा १९-२०, आणि बाकीचा ओझोन, मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरेंचा.

हे आकडे देताना मुलांना एक गोष्ट सांगायलाच हवी: काही तरंगलांब्या एकाहून जास्त वायू शोषतात, त्यामुळे वाटा कसा मोजला त्यावर उत्तर बदलतं. बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त बाष्प काढलं तर शोषण ३९ टक्क्यांनी घटतं. उलट सगळं काढून एकटं बाष्प ठेवलं तर ६२ टक्के उरतं. कार्बन डायऑक्साइडसाठी हेच दोन आकडे १४ आणि २५. कुठलीही पद्धत घ्या, ९५ येत नाही.

"०.०४ टक्के" हे खरं आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. कोरड्या हवेचा ९९.९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अरगॉन यांचा, आणि हे तिघे जमिनीतून निघणारी अवरक्त (इन्फ्रारेड) उष्णता जवळजवळ शोषतच नाहीत. शोषणाऱ्या वायूंपैकी कोण किती, एवढंच बघायचं. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधी दशलक्षात २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. (हवाईतल्या मौना लोआचा आलेख सगळे दाखवतात. गोव्यात काबो द रामा इथंही १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेलेत. मुलांना तो आलेख दाखवता आला तर अवश्य दाखवा, जवळचा वाटेल.)

आता मुख्य मुद्दा. बाष्प हवेत साठून राहत नाही. हा हिशेब फळ्यावर करून दाखवा: पृथ्वीवरच्या हवेतलं सगळं बाष्प एकदम खाली उतरवलं तर सरासरी २५ मिलिमीटर पाणी होईल. जगाचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे १००० मिलिमीटर. १००० भागिले २५ म्हणजे ४०. हवेतलं पाणी वर्षातून ४० वेळा रितं होतं आणि पुन्हा भरतं, म्हणजे दर नऊ दिवसांनी एकदा. उद्या कुणी जादूनं हवेतलं बाष्प दुप्पट केलं तरी दोन-तीन आठवड्यांत जादाचं पाणी पाऊस आणि दव होऊन खाली येईल, कारण हवेत किती बाष्प मावेल याची मर्यादा तापमान ठरवतं. कार्बन डायऑक्साइडला अशी मर्यादा नाही. पृथ्वीच्या तापमानाला तो थिजत नाही की पाऊस होऊन पडत नाही. जाळून हवेत सोडलेल्याचा बराच भाग शतकानुशतकं तिथेच राहतो.

"इंधन जाळूनही वाफ निघतेच की" असं मुलं म्हणतील. तोही हिशेब सोपा आहे. जगभर जळणाऱ्या इंधनातून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा ते सगळं इंधन मिथेनच आहे. मिथेनच्या एका रेणूतून ४४ भार कार्बन डायऑक्साइडमागे ३६ भार पाणी मिळतं. म्हणजे फार तर ३० अब्ज टन, ३० घन किलोमीटर. कोळशातून याहून पुष्कळच कमी. पृथ्वीवरून दरवर्षी बाष्पीभवन होतं सुमारे ५ लाख घन किलोमीटर. आपला वाटा दहा हजारात एकही भाग भरत नाही.

म्हणून बाष्प तापमानवाढ सुरू करत नाही, सुरू झालेली वाढवतं. किती वाढवतं? आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालातले आकडे घ्या. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर दर चौरस मीटरला ३.९३ वॅट उष्णता जादा अडते. पृथ्वी एका अंशानं तापली की ३.२२ वॅट जादा बाहेर टाकते. ३.९३ भागिले ३.२२ म्हणजे १.२ अंश. आता बाष्प धरा: अंशामागे ते १.३० वॅट परत अडवतं. वर गेल्यावर हवा किती वेगानं थंड होते त्यातला बदलही या आकड्यात आला. मग भाजक उरतो १.९२ आणि उत्तर येतं सुमारे २ अंश. ढग आणि वितळणारा बर्फ अजून धरलेलेच नाहीत. म्हणजे बाष्पाचा वाटा मोठा असणं ही काळजीची गोष्ट आहे. ढकलपत्रात ती दिलाशासारखी मांडलीय, हेच मला सर्वांत खटकतं.

हे शास्त्रज्ञांना नव्यानं कळलेलं नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांच्या १८९६ च्या गणितात बाष्पाचा हा परिणाम होता. १९६७ मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांनी तो नीट बांधला. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

पडताळाही झालाय. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या धुरकटपणानं पृथ्वी जवळपास अर्ध्या अंशानं थंडावली आणि उपग्रहांना हवेतलं बाष्पही घटलेलं दिसलं. हवामानाच्या संगणकी प्रारूपातला बाष्पाचा प्रतिसाद बंद केला तर तेवढी थंडी गणितात येईना. चालू ठेवला की जुळली.

अवरक्त

"पट्टा भरलेला आहे" हा आक्षेप सव्वाशे वर्षं जुना. १९०० साली स्वीडनच्या क्नुट ओंगस्ट्रॉम यांनी नळीतल्या वायूवर मोजमाप करून तो घेतला होता. वातावरणाला एकच जाड थर समजलं, इथे गल्लत झाली.

पृथ्वी अवकाशातून पाहिली तर उणे १८ अंशांच्या वस्तूइतकी उष्णता बाहेर टाकते. जमिनीचं सरासरी तापमान १५ अंश. फरक ३३. वर जाताना हवा दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते. ३३ भागिले ६.५ म्हणजे ५ किलोमीटर. उष्णता शेवटी अवकाशात सुटते ती सरासरी या उंचीवरून. शोषणारा वायू वाढला की ही उंची वर सरकते. वर हवा थंड, आणि थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते. येणारं ऊन तेवढंच, जाणारी उष्णता कमी, म्हणून खालचं सगळं तापत जातं, पुन्हा तोल साधेपर्यंत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ही उंची सुमारे दीडशे मीटर वाढते. ०.१५ गुणिले ६.५ म्हणजे साधारण एक अंश, मेघमापक यांनी दिलेल्या १.२ च्या जवळपास. नळीत तळाशी किती शोषलं गेलं याला इथे फारसा अर्थच उरत नाही.

मग त्या उंचीवर बाष्प आधीच आडवं उभं नसतं का? खालच्या भागात असतं. पण बाष्प बहुतेक खालच्या दोन-तीन किलोमीटरमध्येच दाटलेलं असतं. विषुववृत्ताजवळ समुद्रालगतच्या हवेत ते दशलक्षात ३०,००० भागांपर्यंत जातं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सत्तरपट. तिथून सतरा किलोमीटर वर, तपांबराच्या (ढग-पाऊस असतो त्या सर्वांत खालच्या थराच्या) माथ्यावर, बाष्प उरतं दशलक्षात चारेक भाग आणि कार्बन डायऑक्साइड तेच चारशेवर, म्हणजे शंभरपट. वर जाईल तसं पारडं पूर्ण उलटतं. तुमच्या टिपणात एकच आकृती घालणार असाल तर ही घाला: उभ्या अक्षावर उंची, आडव्यावर दोन्ही वायूंचं प्रमाण, आणि आडवा अक्ष लॉगॅरिदमिक. साध्या अक्षावर बाष्पाची रेघ वर दिसणारच नाही.

तरंगलांब्यांचंही तसंच. बाष्प ६.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आणि २० मायक्रॉनच्या पुढे जोरात शोषतं. ८ ते १२ मायक्रॉन ही बऱ्यापैकी उघडी खिडकी, फक्त ९.६ ला ओझोन बसलेला. कार्बन डायऑक्साइडचा पट्टा १५ मायक्रॉनवर, म्हणजे खिडकीच्या कडेला, आणि पृथ्वीची उष्णता नेमकी तिथे भरपूर असते. या पट्ट्याचा मध्य खरोखरच भरलेला आहे. वायू वाढला की पट्टा कडांनी रुंदावतो. म्हणून परिणाम सरळ प्रमाणात वाढत नाही, लॉगॅरिदमनं वाढतो: २८० चे ५६० झाले काय किंवा ५६० चे ११२० झाले काय, भर सारखीच. मात्र यातून "पुढे फरक पडणार नाही" असं निघत नाही. २८० वरून ४२० म्हणजे दुप्पट होण्याच्या निम्म्या वाटेवर, पण दीडच्या लॉगॅरिदमला दोनच्या लॉगॅरिदमनं भागा: ०.५८. परिणाम ५८ टक्के होऊन गेलेला आहे.

आणि हे नुसतं गणित नव्हे. अमेरिकेत ओक्लाहोमा आणि अलास्का इथल्या केंद्रांवर २००० ते २०१० या काळात आकाशातून खाली येणारी उष्णता तरंगलांबीनुसार मोजली गेली. कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २२ भागांनी वाढला तेवढ्यात त्याच्या पट्ट्यातली उष्णता दर चौरस मीटरला ०.२ वॅटनं वाढली. बाष्पाचा पट्टा वेगळा काढूनच हे मोजलेलं आहे.

निरभ्र

दोघांचेही आभार. ते पारडं उलटणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आकृती घालतोच. दोन उपप्रश्न: "तापमान एका अंशानं वाढलं की हवेत ७ टक्के जास्त बाष्प" असं म्हणतात, हे सगळीकडे लागू धरायचं का? आणि टोंगाच्या ज्वालामुखीनं वर फेकलेल्या वाफेमुळेच २०२३ तापलं असं एक सहकारी म्हणतात, त्यांना काय सांगू?

मेघमापक

७ टक्के ही सरासरी. संपृक्त बाष्पदाबाच्या (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाचा दाब) तक्त्यावरून मुलांनाच काढू द्या. शून्य अंशाला ६.११ हेक्टोपास्कल, एक अंशाला ६.५७: वाढ साडेसात टक्के. ३० ला ४२.४, ३१ ला ४४.९: वाढ सहाच टक्के. तपांबराच्या वरच्या भागात उणे ५० अंशांना बर्फावरचा दाब घेतला तर वाढ १२ टक्क्यांच्या घरात. अवरक्त म्हणाले तसं अवकाशात सुटणाऱ्या उष्णतेच्या दृष्टीनं वरचीच हवा महत्त्वाची, म्हणून हा १२ चा आकडा विसरू नका.

आणखी एक. हा नियम हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाचा आहे. प्रत्यक्ष बाष्प तेवढंच वाढेल की नाही हे सापेक्ष आर्द्रता (मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ते) स्थिर राहते का यावर ठरतं. समुद्रावर ती बहुतांशी राहते. उपग्रहांवरच्या मायक्रोवेव्ह मापनात १९८८ पासून समुद्रावरचं बाष्प दर दशकाला एक-दीड टक्क्यानं वाढलेलं दिसतं. जमिनीवर पाणी कमी पडतं आणि समुद्रापेक्षा तापमान जास्त वेगानं वाढतं, म्हणून तिथे २००० नंतर सापेक्ष आर्द्रता थोडी घसरली आहे.

टोंगा. हुंगा टोंगा-हुंगा हापाई १५ जानेवारी २०२२ ला फुटला तो समुद्राखाली, म्हणून वाफ अफाट: सुमारे १४.६ कोटी टन पाणी थेट स्थितांबरात, म्हणजे तपांबराच्या वरच्या थरात. तिथल्या एकूण बाष्पात जवळपास १० टक्क्यांची भर. नऊ दिवसांचा हिशेब इथे चालत नाही, कारण स्थितांबरात पाऊस नाही. ते पाणी ओसरायला काही वर्षं लागतात. म्हणजे सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याच उद्रेकातून गंधकाचे कणही वर गेले आणि ते ऊन अडवतात. दोन्ही मोजून केलेल्या अभ्यासांत पहिल्या दोन वर्षांचा निव्वळ परिणाम लहान, आणि तोही किंचित थंडाव्याकडे झुकणारा निघाला. २०२३ चा उच्चांक त्यानं समजावता येत नाही.

स्थितांबरातलं बाष्प मात्र टिपणात वेगळं लिहा, कारण तिथे ते खरोखर स्वतःहून तापमान हलवतं. २००० नंतर ते सुमारे १० टक्क्यांनी घटलं आणि त्या दशकातला तापमानवाढीचा वेग अंदाजे पाव हिश्शानं मंदावला, असं २०१० मधल्या एका अभ्यासात दिसलं. तिथल्या बाष्पाचा काही भाग मिथेनच्या विघटनातून येतो, म्हणजे माणसाचाच: १७५० पासून दर चौरस मीटरला सुमारे ०.०५ वॅट. शेजारी कार्बन डायऑक्साइडचे २.१६ वॅट ठेवले की प्रमाण कळतं.

नैर्ऋत्य

पावसाबद्दल कुणी लिहिलं नाही आणि आपल्याकडे मुलांचा पहिला प्रश्न तोच असेल. बाष्प ७ टक्के वाढले म्हणजे पाऊस ७ टक्के वाढेल असे लिहू नका. जगाचा एकूण पाऊस अंशाला १ ते ३ टक्केच वाढतो. कारण वाफेचे पाणी होताना सुप्त उष्णता हवेत सुटते, ती अवकाशात टाकल्याशिवाय पुढचा पाऊस नाही, आणि हवेची उष्णता टाकायची क्षमता तेवढ्या वेगाने वाढत नाही. अतिवृष्टीचे तसे नाही. काही तासांच्या जोरदार सरीत आजूबाजूचे बाष्प ओढून घेतले जाते, तिथे अंशाला ७ टक्के हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. एकूण थोडे वाढते आणि जोराच्या सरी पुष्कळ वाढतात, म्हणजे मधले कोरडे दिवसही वाढणारच.

मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर मात्र उदाहरण म्हणून जपून वापरा. एका दिवसाच्या पावसावरून कल सिद्ध होत नाही.

दवबिंदू

प्रयोगाबद्दल. आधी काय करू नये ते: दोन बाटल्या, एकीत कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, आत तापमापक. हा प्रयोग सगळीकडे दाखवला जातो आणि तो चुकीचा आहे. काच अवरक्त उष्णता स्वतःच अडवते. शिवाय जड वायू बाटलीत हलत नाही, म्हणून तापमान चढतं. अरगॉन भरला तरी तसंच चढतं, आणि अरगॉन हरितगृह वायूच नव्हे.

बाष्प मोजा. दोन साधे तापमापक, एकाच्या फुग्याला स्वच्छ मलमल, ऊर्ध्वपातित पाण्यानं ओली. फिरवायच्या दांडीवर बसवा. हवेचा वेग सेकंदाला ४-५ मीटर हवा. दांडी ३० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला अडीच फेऱ्या. सावलीत दीड-दोन मिनिटं फिरवा, थांबताच ओला तापमापक आधी वाचा, दोन वाचनं सारखी येईपर्यंत पुन्हा करा.

सूत्र: बाष्पदाब = ओल्या तापमानाचा संपृक्त दाब − ०.०००६६ × हवेचा दाब × दोन तापमानांतला फरक. पुण्यात हवेचा दाब सुमारे ९४५ हेक्टोपास्कल. कोरडा ३०, ओला २२ आला असं धरा. २२ ला संपृक्त दाब २६.४. वजाबाकी ०.०००६६ × ९४५ × ८ म्हणजे ५.० ची. बाष्पदाब २१.४, दवबिंदू (हवेतलं बाष्प ज्या तापमानाला दव होऊ लागतं ते) साडेअठराच्या जरा वर, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. आता हेच बाष्प कायम ठेवून मुलांना सकाळी २० अंशांना आणि दुपारी ३८ अंशांना सापेक्ष आर्द्रता काढायला सांगा: ९२ आणि ३२ टक्के येईल. बाष्प तसूभरही बदललं नाही. म्हणून वादात कुणी सापेक्ष आर्द्रतेचे आलेख पुढे केले तर आधी दवबिंदू मागायचा.

पुढची पायरी: २१६.७ × बाष्पदाब ÷ केल्विनमधलं तापमान. घनमीटरला १५.३ ग्रॅम. बाष्प बहुतेक खालच्या दोन किलोमीटरमध्ये आहे असं धरून २००० नं गुणा: डोक्यावरच्या हवेत सुमारे ३१ मिलिमीटर पाणी. हा ढोबळ अंदाज आहे. पडताळायला हवामान खात्याच्या फुग्यांची नोंद घ्या. ते सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटतात, म्हणून तुमचं वाचनही त्याच वेळेचं ठेवा.

चुका ठरलेल्या असतात. नळाच्या पाण्यानं मलमलीवर क्षार बसतात आणि ओला तापमापक जास्त दाखवतो. कमी फिरवलं, किंवा कापड अर्धवट वाळलं, तरी जास्तच दाखवतो. तिन्ही चुकांत आर्द्रता खोटी वाढते, एकमेकींना कापत नाहीत. सुरुवातीला दोन्ही तापमापक कोरडेच शेजारी ठेवून त्यांच्यातला मूळ फरक लिहून घ्या. अर्ध्या अंशाचा फरक इथे आर्द्रतेत अडीच-तीन टक्क्यांनी बोलतो.

दुसरं मोजमाप अवरक्त तापमापक गननं, निरभ्र आकाशाचं. ताप बघायची गन नको, तिचा पल्ला ३२ ते ४२ अंशांचाच असतो. कारखान्यात वापरतात ती, उणे ५० पर्यंत वाचणारी घ्या. सूर्य मावळल्यावर, गन अर्धा तास बाहेर ठेवून, सरळ माथ्यावर धरून वाचा. मग माथ्यापासून ६० अंश कलवून वाचा: तिथे हवेची जाडी दुप्पट, आकडा चढलेला दिसेल. इमारत, झाड, तारा मध्ये नको. गनवर १२:१ लिहिलं असेल तर ती बाराव्या मीटरवर एक मीटर रुंदीचं बघते. किनाऱ्यावरच्या दमट रात्री आकडा डिसेंबरमधल्या पठारावरच्या रात्रीपेक्षा कितीतरी वर असतो. महिनाभर रोज गनचं वाचन आणि दवबिंदू एका आलेखावर मांडले की संबंध उघड दिसतो.

इथे एक खबरदारी घ्या, नाहीतर ढकलपत्रालाच नवा पुरावा मिळेल. ही गन ८ ते १४ मायक्रॉनमध्येच बघते. वातावरणाचा अडथळा कमीत कमी यावा म्हणून मुद्दाम ती खिडकी निवडलेली असते. कार्बन डायऑक्साइडच्या १५ च्या पट्ट्याचा मुख्य भाग तिच्या नजरेबाहेर आहे. त्यामुळे वाचन बदलतं ते जवळजवळ सगळं बाष्प आणि ढगांमुळे. "गनला फक्त बाष्प दिसलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड काही करत नाही" असा निष्कर्ष कुणी काढला तर गनचं माहितीपत्रक उघडून तरंगलांबीची ओळ दाखवा. त्याच कारणानं खाली येणारी खरी उष्णताही गनच्या आकड्यावरून काढलेल्या उष्णतेपेक्षा जास्त असते: खिडकीबाहेरच्या पट्ट्यांत आकाश जवळजवळ जमिनीलगतच्या हवेइतकं उबदार असतं आणि ते गनच्या हिशेबात येत नाही.